सर भट्टीवर आले तेव्हा

आमच्या घरात पहाटेचा पहिला आवाज चाळणीचा असायचा. कुरुंदवाडात आमच्या घराला लागूनच आप्पांची चिरमुऱ्यांची भट्टी होती. घर आणि भट्टी यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता पोत्यांचा शिवलेला पडदा होता. तुसाचा जाळ घालून कढईतली वाळू तापवायची, ती पुरेशी तापली की आप्पा तिच्यात ओंजळभर तांदूळ टाकायचे आणि लांब दांड्याच्या झाऱ्यानं एकदाच गरकन फिरवायचे. कढईत एकदम कल्ला उठायचा आणि लगेच थांबायचा. मग अव्वा, म्हणजे माझी आई, चाळणी पुढं करायची. वाळू खाली, चिरमुरे वर. खस्स, खस्स, खस्स. या आवाजावर मी झोपेतून उठलो, या आवाजावर पाढे पाठ केले आणि बारावीचा अभ्यासही याच आवाजावर केला. घरातल्या कुठल्याही वस्तूला त्या धुराचा वास यायचा. अंथरुणाला यायचा, दप्तराला यायचा, दिवाळीच्या नव्या शर्टालाही पाडव्यापर्यंत यायला लागायचा. घरात असताना तो वास मला कधी जाणवला नाही. तो पहिल्यांदा जाणवला तो कोल्हापूरच्या एस.टी.त, शेजारी इस्त्रीच्या कपड्यातला एक मुलगा येऊन बसला आणि जरासा सरकला तेव्हा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, अव्वाला सही यायची, थोरल्या अक्काचं नववीतच लग्न झालेलं. मी कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं ते एका मास्तरांच्या सांगण्यावरून, आणि आप्पांनी त्यावर एकच विचारलं, "बसून करायचं काम हाय न्हवं?" बसून करायचं आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. ते स्वतः जन्मभर कढईपुढं उभे होते.

कोल्हापुरात मी बोर्डिंगात राहायचो. दर रविवारी घरी गेलो की अव्वा परतताना भडंगाचा डबा भरून द्यायची. लसूण जळेल इतका लाल करायची, त्यात शेंगदाणे, कढीपत्ता आणि शेवटी पिठीसाखरेची चिमूट. डबा दोन दिवसांत मुलं संपवायची, पण साध्या चिरमुऱ्यांची एक पिशवी मी वेगळी ठेवायचो आणि रोज सकाळी त्यातले मूठभर पँटच्या खिशात टाकून निघायचो. ही सवय शाळेपासूनची. वर्गात सगळ्यांना माहीत झालं आणि माझं नाव चिरमुऱ्या पडलं. हसून घ्यायचो मी. रात्री बोर्डिंगच्या नळावर खिसे उलटे करून धुवायचो, तरी शिवणीत एखादा राहायचाच.

कॉम्प्युटरच्या लॅबचे प्रमुख देसाई सर. उंच, किडकिडीत, जिभेला धार. चप्पल बाहेर काढल्याशिवाय ते कुणाला आत घेत नसत, प्राचार्यांनाही नाही. बाकीच्या मुलांपैकी काहींच्या घरी कॉम्प्युटर होते, काही बाहेर क्लासला जाऊन तासावर बसायची. मला ती लॅब सोडून जगात दुसरीकडं कॉम्प्युटरला हात लावायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी सरांनी हे कसं ओळखलं कोण जाणे. एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "पाचनंतर तू बस. जाताना मशिनांना कव्हरं घाल, कुलूप लाव. मला आभारबिभार म्हणायचं नाही, अभ्यास करून दाखव." तीन वर्षांत मी जे काही शिकलो ते त्या पाचनंतरच्या लॅबमध्ये. आजही माझ्या घरातली चूल पेटते ती त्या किल्ल्यांमुळं, असं मी मानतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात सरांबद्दल कुणाचं मन कलुषित होऊ नये म्हणून हे आधी लिहिलं.

शेवटच्या वर्षी लॅबमध्ये एक नवा कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत स्कॅनर. अख्ख्या कॉलेजात तो एकच. चपटा, पोथीएवढा, काचेवर फोटो पालथा ठेवला की आतून उजेडाची पट्टी सरकायची आणि फोटो पडद्यावर उमटायचा. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प या स्कॅनरवरच अवलंबून होता. चोरीच्या भीतीनं तो नवा कॉम्प्युटर लाकडी पेटीत ठोकून बसवला होता, फक्त तोंड उघडं. त्या तोंडाला वायर जोडायची दोन भोकं होती. एक आल्यापासूनच बंद, त्यावर सरांनी चिकटपट्टी मारली होती. दुसऱ्यात स्कॅनरची वायर.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये पूजा व्हायची. भट्टीवर आम्ही झारा, चाळणी, कढई धुऊन पुजायचो, तशीच इथं कॉम्प्युटरची. सर एरवी इतके कडक, पण त्या दिवशी रेशमी सदरा घालून यायचे. त्या वर्षी मान स्कॅनरचा. त्याची वायर कॉम्प्युटरमधून काढून त्याला पाटावर बसवलं, झेंडूची माळ घातली. सरांनी एकेका मशिनला गंध लावलं, गंधावर कुंकवात भिजवलेल्या लाल अक्षता दाबल्या. शेवटी आम्हा सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि आरती झाल्यावर लग्नात टाकतात तशा आम्ही त्या मशिनांवर टाकल्या. मीही टाकल्या. अगदी मनापासून टाकल्या.

सुट्टी संपल्यावर लॅब मीच उघडली. केर काढला, सुकलेली फुलं गोळा केली, स्कॅनर पाटावरून उचलून टेबलावर ठेवला आणि वायर जोडली. त्याचा हिरवा दिवा लागला. दुपारी वर्ग भरला, सरांनी काचेवर फोटो ठेवला आणि पडद्यावर चौकट आली, की जोडलेलं यंत्र ओळखता येत नाही.

सरांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून पुन्हा घातली. सोबत आलेली सीडी घालून सगळं नव्यानं बसवलं. यंत्रांच्या यादीत स्कॅनरच्या नावापुढं पिवळी खूण यायची किंवा नावच यायचं नाही. हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत होता. "करंट येतोय, म्हणजे वायर चांगली आहे," सर म्हणाले. "म्हणजे आतच काहीतरी मोडलंय." त्यांनी झाकण वर केलं, आणि झाकणाच्या बिजागरीतून एक चिरमुरा घरंगळत काचेवर आला.

मग मागून एकजण ओरडला, "चिरमुऱ्यानं मशिनला भडंग चारलं की!" वर्ग फुटला. मुलीसुद्धा हसल्या. सर हसले नाहीत.

"कुणी जोडला हा सकाळी?"

"मी, सर."

"पाडलास?"

"नाही, सर."

"मग हा काय उडत आला?" त्यांनी तो चिरमुरा दोन बोटांत धरून वर केला. तो माझ्याच खिशातला होता, यात शंका नव्हती. "किल्ल्या दे इकडं. उद्या वडिलांना घेऊन ये. ते येईपर्यंत लॅबची पायरी चढायची नाही."

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तेवढा आवाज झाला त्यांचा.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो. आप्पा वाळू बदलत होते. ऐकून घेतलं आणि उरलेली वाळू कढईत ओतली. अव्वाच म्हणाली, "आवं, एवढ्याशा चिरमुऱ्यानं मशीन मोडतंय व्हय? कागदाचं हाय का काय?" आप्पा म्हणाले, "तू भाकरी वाढ." सकाळी भट्टी न पेटवता ते माझ्यासोबत निघाले. खंडेनवमी सोडली तर भट्टी बंद राहिलेली मी तोवर फक्त घरात कुणी गेल्यावर पाहिली होती.

बसमध्ये मी सारखं एकच सांगत होतो. मी पाडला नाही. मी जपून ठेवला होता. चिरमुरा आत कसा गेला माहीत नाही, पण चिरमुऱ्यानं तसं होत नाही. आप्पा खिडकीतून उसाची शिवारं बघत होते. हातकणंगले मागं पडल्यावर म्हणाले, "आसंल बी. पर सायबाफुडं न्हाय म्हनू नगंस. म्या बोलतो. तू गप ऱ्हा."

मला त्यांचा इतका राग आला की पुढचा रस्ता मी त्यांच्याशी बोललो नाही. घरचा माणूससुद्धा माझ्यावर विश्वास ठेवत नाही, असं मला वाटलं.

कॉलेजची लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. मी वाटेत सांगितलं होतं की तिथं चप्पल चालत नाही. आप्पांनी करकर वाजणाऱ्या आपल्या चपला खाली जिन्याच्या पहिल्या पायरीशीच काढल्या. मी म्हटलं, वर दाराजवळ काढायच्या. ते म्हणाले, "असू दे." आणि दोन मजले अनवाणी चढले. त्यांच्या पायांना वाळूनं पडलेल्या भेगा होत्या, त्या मी रोज बघायचो. त्या दिवशी जिन्यातून उतरणारी पोरं त्या बघत आहेत असं मला वाटलं आणि मी दोन पायऱ्या पुढं चालू लागलो.

सरांसाठी त्यांनी चिरमुऱ्यांची मोठी पिशवी आणली होती. आत गेल्या गेल्या ती त्यांनी टेबलावर ठेवली. सर म्हणाले, "अहो, मशिनजवळ नको." आप्पांनी विस्तवाला हात लागल्यासारखी पिशवी उचलली आणि ठेवायला दुसरी जागा दिसेना म्हणून उराशी धरून उभे राहिले. लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं बसली होती. सगळ्यांची बोटं थांबलेली. पिशवी तशीच काखेत दाबून आप्पांनी हात जोडले.

"पोरगं चुकलं, सायेब. लहान हाय. खिशात चिरमुरं घालायची खोड आमीच लावली. पर त्येला आत बसू द्या. न्हाईतर शिक्षान बुडंल त्येचं."

सर अवघडले. ते वाईट माणूस नव्हतेच. "बरं बरं," म्हणाले, "हात खाली घ्या आधी. उद्यापासून येऊ दे त्याला. पण मशिनला हात लावायचा नाही. मागच्या बाकावर बसायचं, वही घेऊन."

"व्हय सायेब. हात लावायचा न्हाई. ऐकलंस न्हवं रं?"

मी मान हलवली. कारण मला गप्प राहायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या बाकावर बसू लागलो. बाकीची मुलं उभ्यानं किंवा खुर्चीवर, मी त्या बुटक्या बाकावर जवळपास जमिनीच्या पातळीला. तिथून मशिनांची तोंडं समोरासमोर दिसायची. हातात काही नसलं की माणूस बघत बसतो. स्कॅनरची वायर अजून तशीच जोडलेली होती, कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणी हलवायची नाही म्हणून. काही दिवस बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की वायरीच्या टोकाच्या पत्र्याची एक चकाकती कड बाहेर दिसते आहे. नखाच्या जाडीएवढी. पूजेच्या आधी ती दिसत नसे. मी तो स्कॅनर रोज बघत होतो, मला खात्री होती.

वर्ग सुटला, सर एकटे राहिले तेव्हा मी बाकावरूनच म्हणालो, "सर, वायर पुरती आत गेलेली नाही."

"दिवा लागतोय की."

"दिवा लागतोय सर. पण आत गेलेली नाही."

सरांनी वायर जोरात दाबली. ती दबेना. त्यांनी ती उपसून काढली, कपाटातली बॅटरी आणली, गुडघ्यावर बसले आणि भोकात उजेड टाकला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "इकडं ये. तुझे डोळे चांगले आहेत." मी वाकलो. आत, अगदी तळाशी, तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता. लाल.

सरांनी टाचणीनं तो हळूहळू बाहेर काढून तळहातावर घेतला. वायर जोडली. टक् झालं, आत बसल्याचं. पडद्यावर स्कॅनरचं नाव आलं, आतल्या पट्टीनं घरघर करत एक फेरी मारली. त्या टोकातल्या वीज नेणाऱ्या पट्ट्या लांब असतात आणि बोलणी नेणाऱ्या आखूड, म्हणून अर्धवट घातलं तरी दिवा लागतो आणि ओळख मात्र पटत नाही, हे मला पुढं नोकरीत कळलं. त्या दिवशी आम्ही दोघं फक्त त्या दाण्याकडं बघत होतो. तो चिरमुरा नव्हता, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. सरांनी तो वहीच्या कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात ठेवला, किल्ल्यांचा जुडगा माझ्या बाकावर ठेवला आणि निघून गेले. वर्गात त्यांनी सांगितलं, की स्कॅनर मोडलाच नव्हता, पूजेची अक्षत अडकली होती. मुलांनी ते ऐकलं आणि विसरली. माझं नाव चिरमुऱ्याच राहिलं.

त्या आठवड्याच्या शेवटी सरांनी विचारलं, "रविवारी घरीच असतात ना वडील?"

मला वाटलं नव्हतं ते खरंच येतील. भट्टी ऐन रंगात होती. आप्पा उघडेबंब, कमरेला पंचा, अंगावर तुसाची राख आणि घाम. अव्वा चाळणीवर. मी पोती शिवत होतो. दारात शेजारचे मल्लूमामा चहाची वाट बघत बसले होते. ते रोज बसायचे. पांढऱ्या शर्टातला माणूस गल्लीत विचारत येताना त्यांनीच आधी पाहिला.

"या पावणं! चिरमुरं पायजेत व्हय? शेर का पोतं?"

"नाही," सर म्हणाले, "मी याच्या कॉलेजातला मास्तर."

आप्पांच्या हातातला झारा कढईतच राहिला. ती खेप जळाली. अव्वानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पडद्याआड पळाली. आप्पा सदरा शोधू लागले, मिळेना, शेवटी खांद्यावर एक रिकामं पोतं ओढून उभे राहिले. मी सरांना बसायला काही द्यावं हे मला सुचलंच नाही. मला फक्त आमची काळी भिंत दिसत होती, छताला लोंबणारी जळमटं दिसत होती, आणि सर श्वास घेताहेत हे कळत होतं. तो वास.

सर उभ्यानंच बोलले. पाठ केल्यासारखे बोलले. "तुमच्या मुलानं काही मोडलं नव्हतं. पूजेला आम्ही टाकलेली अक्षत आत अडकली होती. बघितल्याशिवाय मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. तुम्हाला इतक्या लांबून बोलावलं, हात जोडायला लावले. चुकलं माझं." आणि त्यांनी हात जोडले.

आप्पा धावलेच. त्यांनी सरांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरून खाली ओढले. सरांच्या पांढऱ्या बाह्यांवर काजळीची बोटं उमटली. "न्हाय न्हाय सायेब! आसं करू नगा. माज्या घरात मास्तरानं हात जोडायचं? पोरगंच चुकलं आसंल कुटंतरी."

"नाही हो, हे बघा." सरांनी खिशातून पुडी काढली, उलगडली. कागदाच्या मधोमध तो लाल दाणा. तेवढ्यासाठी त्यांनी तो इतके दिवस जपला होता.

मला वाटलं, आता. आता आप्पा बघतील, मल्लूमामा बघतील, गल्ली बघेल.

आप्पांनी दाणा चिमटीत उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. दाताखाली तो वाजला, मला ऐकू आला. "द्येवाची अक्षत," ते म्हणाले, "भुईवर पडाय नगं. मिटलं सायेब. आता च्या घ्या."

सर रिकामा कागद हातात धरून उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी तो घडी करून परत खिशात ठेवला. पोत्यावर बसून चहा घेतला, अव्वानं दिलेलं भडंग खाल्लं, दोनदा मागून घेतलं. ते जायला निघाल्यावर मल्लूमामा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा! पोरानं मशीन मोडलं तरी मास्तर घरी यिऊन माफ करून जातोय. आसली मानसं ऱ्हायली न्हाईत आता." आणि आप्पा म्हणाले, "व्हय की. द्येवमानूस."

आमच्या गल्लीत हीच गोष्ट टिकली. माझ्या लग्नातसुद्धा मल्लूमामांनी व्याह्यांना ती रंगवून सांगितली, की कॉलेजातलं मशीन ह्यानं फोडलंवतं. आप्पा शेजारीच बसले होते, हसत होते.

सर आता नाहीत. भट्टीही नाही, तिथं पत्र्याचं शेड आहे आणि माझ्या मुलाची गावी वापरायची मोटरसायकल. आप्पा मात्र शेवटच्या वर्षांतही सकाळी चाळणी घेऊन बसायचे, घरातल्या शेंगा, डाळ, काही नसलं तर कालचे चाळलेले तांदूळच पुन्हा चाळायचे. असाच एकदा मी गावी गेलेलो, त्यांच्यासमोर पायरीवर बसलो होतो. इतकी वर्षं मनात कुजत ठेवलेलं एकदाचं विचारलं.

"आप्पा, त्या येळंला तुमाला वाटलंवतं व्हय, मशीन म्याच मोडलं म्हणून?"

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"न्हाय?"

"यस्टीतच कळलंवतं. खोटं बोलतानं तू माज्याकडं बगत न्हाईस. ल्हानपनापास्नं. त्या दिशी सारका बगत हुतास."

चाळणी चालूच होती. खस्स, खस्स.

"मग हात का जोडलासा?"

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुला आत बसायचं हुतं की."

मी चाळणीकडं बघत राहिलो. त्यांच्याकडं बघता आलं नाही.